पाचपोर बाईंचा बिनआवाजाचा कीबोर्ड

मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी असेन, तर पाचपोर बाईंचा. शैला पाचपोर. अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत त्या संगीत शिकवत. आईवडिलांचं ऋण वेगळं, त्याची फेड नसते. कॉलेजानं मला पदवी दिली, पदवीनं नोकरी दिली, त्याबद्दलही मी आभारी आहे. पण किळस करायला मला बाईंनी शिकवलं. आमच्या घरात ती चैन कोणाला माहीत नव्हती. समोर येईल ते गोड मानायचं, बोलावतील तिथे जायचं, देतील ते दोन्ही हातांनी घ्यायचं, ही आमची रीत. घाणीला घाण म्हणावं, आणि तोंडावर म्हणावं, हे मला बी.एस्सी. झाल्यावर एका चिडक्या बाईकडून कळलं.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यात. घराण्यातला मी पहिला ग्रॅज्युएट. अमरावतीहून पदवी घेतली आणि अकोल्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागलो. रविवारीसुद्धा मी शर्ट खोचून बसत असे. एक दिवस एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई भाजीच्या पिशवीतून लॅपटॉप घेऊन आल्या. मेथीची दोन पानं त्याला चिकटलेली होती.

"हा मधेच कट्-कट् करते अन् बंद पडते. काहून पडते, ते सांगा."

"यावर तुम्ही काय काम करता?" मी विचारलं.

"वाजवते."

मला हसू आलं. पण गिऱ्हाईक मोठ्या घरचं दिसत होतं, म्हणून मी फार मनापासून काम केलं. लॅपटॉप साफ केला. त्यावर धबधब्याचं चित्र लावलं, कोपऱ्यात घड्याळ बसवलं, व्हायरस पकडणारं एक आणि वेग वाढवणारं एक, अशी दोन सॉफ्टवेअरं टाकली. बाई न्यायला आल्या. झाकण उघडलं आणि नाक वर केलं.

"शी! हे काय रुखवत मांडून ठेवलं?"

मी गोंधळलो. त्या म्हणाल्या, "मले याच्यावर वाजवाचं आहे. हे घड्याळ कोणासाठी? हा धबधबा कोण पाहते? तू लावलेलं सगळं काढ. अन् पहिले होतं त्यातलंही काढ."

ते सगळं काढायला मी त्यांच्या घरी गेलो, आणि तेव्हापासून जातच राहिलो.

घरी गेल्यावर त्यांनी मला एका कीबोर्डसमोर बसवलं. "दाब." मी पट्टी दाबली. आवाज नाही. दुसरी दाबली, तिसरी दाबली. "दाब, दाब, लाजू नको," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच थोडं हसल्या. त्या कीबोर्डला स्वतःचा आवाजच नव्हता. तो वायरीनं लॅपटॉपला सांगायचा की अमुक पट्टी इतक्या जोरात दाबली; सनई, बासरी, हार्मोनियम, व्हायोलिन, सगळी वाद्यं लॅपटॉपच्या पोटात. लॅपटॉपनं त्याच क्षणी आवाज तयार करायचा आणि बाहेर सोडायचा. पुण्याच्या भाच्यानं त्यांना हे सगळं बसवून दिलं होतं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक हिरवी पट्टी होती. प्रोसेसरवर किती भार आहे, ते ती दाखवायची. पट्टी भरत भरत लाल झाली की कट्-कट् सुरू, आणि मग सगळं गप्प.

वाजवताना बाईंचा एक डोळा कायम त्या पट्टीवर असे. वडील वकील, घरात मोठा राबता. पंगतीच्या पंगती उठवलेल्या त्या बाई. त्यामुळे प्रोसेसर त्यांना शेगडीसारखा दिसायचा. "शेगडी एकच आहे, गजानन. वरण उकळलं की उतरवाचं. उतरवलं नाही अन् वरून कढई ठेवली, तर विझते." म्हणून मुखड्यानंतर बासरीचं काम संपलं की त्या बासरी बंद करत. एका वेळी किती सूर वाजतील यावर मर्यादा घालत. आवाजाला जो घुमारा देतात, आपल्याकडे ज्याला इको म्हणतात, तो लॅपटॉपला फार जड पडतो. सगळे कीबोर्डवाले प्रत्येक वाद्याला वेगळा इको लावत. बाईंनी सगळ्या वाद्यांना मिळून एकच ठेवला होता. "गावाले एक विहीर पुरते," त्या म्हणत. "प्रत्येकाले आपल्या अंगणात बोअर काहून पाहिजे? मग सगळ्यांचंच पाणी जाते."

त्या उन्हाळ्यात आमच्या गावात खरोखरच तसं झालं होतं. मला ते वाक्य कॉलेजच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा लवकर कळलं.

किळस त्यांना कशाचीही येई. चहावरच्या सायीची. तंबाखूचा खर्रा खाऊन गाणाऱ्याच्या माईकची. बटण दाबलं की आपोआप ठेका धरणाऱ्या कीबोर्डची. कौतुक त्यांच्या तोंडून मी क्वचित ऐकलं. आपण काम नीट केलं तर त्या काही बोलत नसत, आणि तेवढ्यानं मला दिवसभर बरं वाटायचं. सर्वांत जास्त घृणा त्यांना एका गोष्टीची होती. तिला त्या धंद्यात 'फ्रीझ करणं' म्हणतात.

ते असं असतं. लॅपटॉपला सगळी वाद्यं झेपेनाशी झाली की त्यातलं एखादं आधीच वाजवून, रेकॉर्ड करून ठेवतात. कार्यक्रमात ते नुसतं सुरू करायचं. प्रोसेसर हलका होतो. आधी तानपुरा फ्रीझ करतात, मग व्हायोलिनचा ताफा, मग ठेका. आज हे, उद्या ते. शेवटी सगळंच गोठलेलं असतं आणि वाजवणारे पट्ट्यांवर खोटी बोटं नाचवत उभे राहतात. बाईंना तानपुरा चालायचा. "तो बिचारा कोणासाठी थांबतच नाही. पण जे गाणाऱ्याच्या श्वासासोबत चालते, ते गोठवाचं नाही."

हा श्वास नईमभाईंचा होता. नईमभाई बंडूभाऊंच्या ऑर्केस्ट्रात गात, आणि बाई तिथेच कीबोर्ड वाजवत. नईमभाईंची उमर कापसाच्या जिनिंगमध्ये गेली होती. कापसाची तूस वर्षानुवर्षं छातीत गेली, आणि मग जिनिंगच बंद पडलं. आवाज अजून तुपासारखा होता, पण दम राहिला नव्हता. अंतऱ्यात वरच्या सुरावर गेले की मध्येच थांबत, तोंड बाजूला करून श्वास घेत. किती वेळ लागेल, ते त्यांनाही ठाऊक नसे. बाई तेवढा वेळ तो सूर धरून ठेवत, त्याच्याभोवती एखादी हरकत घेत, लोकांना वाटे गाणंच असं आहे. नईमभाई परतले की त्या हळूच पुढे सरकत. म्हणजे नईमभाईंचं स्टेजवर राहणं त्या हिरव्या पट्टीवर अवलंबून होतं. पट्टी ताब्यात, तर बाई थेट वाजवणार; थेट वाजवलं, तर नईमभाई गाणार. फ्रीझ केलेलं गाणं कोणासाठी थांबत नाही.

बंडूभाऊंना हे पटत नसे. ते वाईट नव्हते, पण गर्दीत वाढलेले होते. लोक म्हणतील तसं वळायचे. "बाई, जमाना बदलला ना! लोकाले दणका पायजे. एकदा फ्रीझ करून टाका, तुमालेबी आराम, मलेबी."

"अन् नईमभाई?"

"आता नईमभाईले मी काय करू? कधीलोक पब्लिकनं त्याच्या श्वासाची वाट पाहावं?"

"तुम्ही तुमच्या आलुबोंड्याचे हात पुसून मग पट्ट्यांले लावत जा," बाई म्हणाल्या. "शी! सगळा कीबोर्ड ओशट करून ठेवला."

पण बंडूभाऊंनी सांगूनच टाकलं. मशीन आणखी एकदा बंद पडलं की सगळं फ्रीझ करायचं आणि नईमभाईंना रजा. त्यानंतर मी प्रत्येक कार्यक्रमाला बाईंबरोबर जाऊ लागलो, लॅपटॉप सांभाळायला. इंटरनेट बंद, घड्याळाचे गजर बंद, खाली दोन पितळी वाट्या उपड्या ठेवून लॅपटॉप वर, बाजूला छोटा पंखा. अकोल्याच्या उन्हात माणूस सावलीला पळतो. लॅपटॉपला पळता येत नाही, तो जीव वाचवायला आपलं काम मंद करतो. मंद झाला की पट्टी लाल.

ती वर्षं सगळ्यांना आठवत असतील. सकाळी पेपर उघडला की पहिल्या पानावर शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आणि कोणत्या तरी गावाचं नाव असायचं. आपलं गाव नाही एवढं पाहून आम्ही पान उलटायचो. याच काळात अमरावतीला एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. त्यानिमित्त मदतवाटप ठेवलं होतं. घरचा कर्ता माणूस गेलेल्या बायांना स्टेजवर बोलावून शिलाई मशीन द्यायचं. ऑर्केस्ट्रा आमचा. सुरुवातीला वाटप, मग नईमभाईंची प्रार्थना, मग गाणी. छातीवर बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता सकाळीच बंडूभाऊंकडे आला.

"बाई चढली का करुण म्युझिक. साहेबांनी मशीन देलं का जोरदार म्युझिक. असं दर बाईले."

पाचपोर बाई ऐकत होत्या. त्यांनी रुमाल काढून नाकाला लावला.

बाई हे वाजवणार नाहीत, हे ओळखून बंडूभाऊंनी दुसरा कीबोर्ड त्याच लॅपटॉपला जोडला आणि स्वतः उभे राहिले. दोन आवाज भरले. एक रडकं व्हायोलिन, एक नगारे-तुताऱ्यांचा ताफा. दोन्हींना आपापला इको, तोही मोठ्या देवळातला. हिरवी पट्टी बसल्या बसल्या अर्ध्यावर गेली. वर पत्र्याचं छप्पर. कट्-कट् होऊ नये म्हणून बंडूभाऊंनी लॅपटॉपला जास्त सवड दिली. म्हणजे पट्टी दाबल्यावर आवाज तयार करायला त्यानं थोडा अधिक वेळ घ्यावा, अशी सोय असते. मशीन त्यानं शांत होतं, पण आवाज उशिरा येतो. बाईंचं त्यावर जुनं म्हणणं होतं, "बोट आज, आवाज उद्या."

वाटप सुरू झालं. पहिली बाई चांदूर रेल्वेकडची होती. बारीक अंगाची, डोक्यावरून पदर. स्टेजच्या पायऱ्यांपाशी तिनं चपला काढल्या, देवळात जाताना काढतात तशा, आणि वर चढली. बंडूभाऊंनी पट्टी दाबली. व्हायोलिन रडायला लागलं तोवर ती साहेबांपर्यंत पोचलीसुद्धा होती. कॅमेरावाल्यानं हात हलवला. कार्यकर्ता धावत आला.

"ओ ताई, परत चढा. म्युझिक लेट आलं."

तिला ते कळलंच नाही. दोनदा सांगावं लागलं. ती खाली उतरली. चपला घातल्या. थोडी थांबली. मग पुन्हा चपला काढल्या आणि पुन्हा चढली. या वेळी व्हायोलिन वेळेवर आलं. साहेबांनी मान तिरपी केली, नगारे वाजले, टाळ्या झाल्या.

तेव्हा मला नेमकं काय वाटलं, त्याला माझ्याकडे शब्द नव्हता. मी पाचपोर बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा, ताटात पाल पडलेली पाहावी तसा झाला होता. दुसरी बाई पायऱ्यांपाशी आली होती. पाचपोर बाईंचा हात लॅपटॉपवर गेला आणि तिथेच थांबला. त्या वळून नईमभाईंकडे पाहू लागल्या. कारण आता जे होणार, त्यात जाणार होती ती नईमभाईंची जागा.

नईमभाई मागे खुर्चीवर बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. "बंद करो बाई," ते म्हणाले. "मेरी फिकर मत करो. इन लोगां को शरम नहीं, अपन को तो है."

बाईंनी आधी रडकं व्हायोलिन काढलं, मग नगारे. हिरवी पट्टी झरझर खाली आली.

बंडूभाऊंनी पट्टी दाबली. मग जोरात दाबली. "बाई, आवाज कुठं गेला?"

"काढून टाकला. मशीन गरम होऊन राहिलं होतं."

"बाई, पाया पडतो, साहेब पाहून राहिले!"

"पाहू द्या. त्यांनाही कळू द्या, बिनबाजाचं काय दिसते ते."

बाकीच्या साऱ्या बाया शांततेत चढल्या. चपला काढल्याचा आवाज यायचा. शिलाई मशीनचा लोखंडी पाय फळीवर ओढल्याचा आवाज यायचा. कोणी टाळी वाजवली तर ती एकटीच वाजायची आणि लाजून थांबायची. साहेबांना मान कोणत्या बाजूला तिरपी करावी ते सुचेना. वाटप फार लवकर उरकलं.

निवेदकाला काहीतरी भरायचं होतं, म्हणून त्यानं घाईघाईनं नईमभाईंचं नाव पुकारलं. बाईंनी लॅपटॉपची सवड पुन्हा कमी केली, आणि एक हार्मोनियम ठेवली, खाली तानपुरा. नईमभाईंनी आपल्या उस्तादांनी शिकवलेली प्रार्थना सुरू केली. त्या बाया मांडवात पुढेच बसल्या होत्या, प्रत्येकीच्या पायाशी मशीन. अंतऱ्यात नईमभाई वर गेले आणि थांबले, तोंड बाजूला केलं. बाईंनी सूर धरला. तेवढ्यात बंडूभाऊंनी साउंडवाल्याला खूण केली आणि माईक बंद झाला. नईमभाई श्वास घेऊन परतले, तेव्हा त्यांचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा गेला नाही. निवेदकानं टाळ्या मागितल्या. लोकांनी दिल्या. प्रार्थना अर्धीच राहिली.

परतीच्या गाडीत बंडूभाऊंनी दोघांनाही रजा दिली. बाई म्हणाल्या, "बरं झालं. गाडी पहिले धाब्यावर थांबवा, मले हात धुवायचे आहेत."

पुढची काही वर्षं ते दोघं मिळेल तिथे गात-वाजवत राहिले. बारसं, साखरपुडा, मोझरीच्या आश्रमाला जाणाऱ्या एखाद्या मंडळासाठी भजन. एक लॅपटॉप, एक कीबोर्ड, हार्मोनियम आणि तानपुरा. पट्टी कधी पाव भागाच्या वर गेली नाही. मला बाईंनी शेजारी बसवून शिकवलं. सूर धरून कसा ठेवायचा, आणि धरताना गाणाऱ्याकडे कसं पाहायचं नाही, म्हणजे त्याला ओशाळं वाटत नाही. बंडूभाऊंचा ऑर्केस्ट्रा जोरात चालला. सगळं फ्रीझ. एकदा मी ऐकायला गेलो. गाणारा पोरगा खोकायला बाजूला झाला आणि त्याचा आवाज मात्र स्पीकरमधून गातच राहिला. लोक खूश होते. मी अर्ध्यातून उठून आलो.

मग बाईंचे कान गेले. आधी बारीक आवाज जायला लागले, मग बोलणं. कानाला मशीन लावलं, पण त्यातून हार्मोनियमसुद्धा पत्र्यासारखी ऐकू यायची. "शी," त्या म्हणाल्या, "आता चांगलंही घाणच ऐकू येते मले." त्या दिवशी त्यांनी कीबोर्ड पुसला आणि कपड्यात बांधला. नाशिकला बहिणीकडे जाताना तो आणि लॅपटॉप माझ्याकडे दिला. "नईमभाईंसोबत बस," एवढंच सांगितलं. फोन त्यांना ऐकू येत नाही. म्हणून मी पत्र लिहितो. त्यातलं हे एक.

ती. बाईंस,

सा. नमस्कार.

मी आता नांदगावच्या शाळेत विज्ञान शिकवतो, हे मागच्या पत्रात लिहिलं होतं. परवा आमच्या मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ झाला. नईमभाई एसटीनं आले. उन्हानं थकले होते, म्हणून आधी माठाचं पाणी दिलं आणि वर्गात आडवं केलं. तब्येत आता बरी नाही. जिना चढताना दोनदा बसले.

लॅपटॉप म्हातारा झाला आहे. झाकण सुतळीनं बांधतो. मी फक्त हार्मोनियम ठेवली होती. तानपुरासुद्धा काढला, कारण मधे एकदा हिरवी पट्टी वर सरकली आणि मला धोका पत्करायचा नव्हता. शाळेतल्या एका सरांनी विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच.

नईमभाईंनी उस्तादांची प्रार्थना घेतली. अमरावतीनंतर ती त्यांनी कुठेच म्हटली नव्हती, तुम्हाला माहीत आहे. मला आधी सांगितलंही नाही, सूर लावल्यावर कळलं. अंतऱ्यात वर गेले आणि थांबले. बाई, इतका वेळ ते कधीच थांबले नव्हते. पोरांची चुळबुळ सुरू झाली, आणि मग तीही थांबली. मी सूर धरून होतो. मान खाली होती, त्यामुळे मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. माझ्या मनात आलं की आता आवरतं घ्यावं, लोकांना कळणार नाही. घेतलं नाही.

मग ते परत आले, त्याच सुरावर, जरा खाली घसरून. मीही घसरलो. शेवटची ओळ त्यांनी अगदी बारीक म्हटली, पण म्हटली.

एसटीत बसवायला गेलो तेव्हा खिडकीतून म्हणाले, "बाई को लिख दे. गाना पूरा हुआ."

म्हणून लिहिलं.

आपला,
गजानन